केळापुरे डॉक्टरांची वाचलेली कोंबडी

केळापुरे डॉक्टर कोंबड्यांना अहो-जाहो करायचे आणि माणसांना अरे-तुरे. माझे सासरे दर्यापूरकडचे साठीचे पाटील. फेटा बांधून पहिल्यांदाच अमरावतीला राजापेठेत आमच्याकडे आले, तर कुंपणावरून हा शेजारी त्यांना विचारतो, "काय रे, तुह्या गावात कोंबड्या मेल्या का?" आणि लगेच पायाशी घोटाळणाऱ्या कोंबडीला म्हणतो, "तुमी जरा बाजूले व्हा बाई, पाय पडंन." सासऱ्यांनी चहासुद्धा घेतला नाही. बायको तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणे, तुमचे शेजारी! जसं काही त्यांना मीच अंड्यातून उबवून काढलं होतं.

बरं, हा मान सगळ्या कोंबड्यांना नव्हता. मानमोडीतून वाचलेल्या कोंबडीलाच तेवढं 'अहो'. मानमोडी म्हणजे कोंबड्यांची साथ. कोंबडी मलूल होते, मान पिळवटते आणि आठवड्यात गावची अंगणं रिकामी होतात. औषध नाही. शेकड्यात एखादी वाचते, पण वाचली की तिला तो रोग पुन्हा धरत नाही. डॉक्टरांचं डोकं इथंच अडकलेलं. सरकारनं त्यांना अमरावतीच्या जनावरांच्या दवाखान्यात बैल-घोडे बघायला नेमलं होतं. हे मागच्या खोलीत काचेच्या नळ्या मांडून बसायचे. "वाचलेलीच्या रक्तात काही तरी हाये लेका," ते मला सांगायचे. "ते काढून धडधाकट कोंबडीले टोचलं तं? पन वाचलेली पाह्यजे न हातात!" पायाशी घोटाळणारी ती एकुलती एक तर नळ्या यायच्या आधीच म्हातारी होऊन मेली होती.

अकोल्याच्या वरच्या साहेबाला त्यांनी तसा कागद पाठवला. शेरा आला: कोंबडी हे बायकांचं जनावर, आपण बैलांकडे लक्ष द्यावं. डॉक्टर तो कागद घेऊन आठ दिवस राजापेठेत फिरत होते. "बायकायचं म्हनून काय झालं? बाईच्या घरात तिच्या हक्काचं दुसरं हाये काय?" साहेबाचा मलाही संताप आला होता. पण म्हणून तो शेरा मला पाच-पाच वेळा वाचून दाखवायचा?

आणि वाचलेली कोंबडी त्यांना मिळायची कशी? आमच्या वऱ्हाडात साथ आली की बाई मरीमायला बोलून मोकळी होते: "एक तरी वाचव माय, तेच तुले देईन." म्हणजे जी वाचली ती देवीची. डॉक्टर सायकल हाणत गावात पोचायचे, तोवर उकिरड्यावर पिसं. एकदा मी सोबत होतो. डॉक्टर एका म्हातारीवर कडाडले, "अवं, देवीनं वाचवली तिलेच कापलं काहून?" म्हातारीनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग काय मेलेली देऊ देवीले?" डॉक्टरांनी तिच्यापुढून सायकल वळवली. सगळ्या वाटेनं मात्र माझ्यावर ओरडत आले.

मग मूर्तिजापूरकडून माझ्या आत्याचं पत्र आलं. सगळ्या कोंबड्या गेल्या, एक कवडी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची कोंबडी तेवढी राहिली. डॉक्टरांनी माझा हातच धरला. त्यांना रजा नाकारलेली, जायचं मी. मी त्याच दिवशी कार्ड टाकलं, 'कोंबडी कापू नका, मी रविवारी येतो आहे.' डॉक्टरांनी नवी टोपली आणली, झाकायला फडकं दिलं, "उन्हात ठेवू नको, पानी पाजजो," असं पोरीची पाठवणी करावी तसं दहादा बजावलं.

आत्याच्या दारात पाय ठेवल्या ठेवल्या मी विचारलं, "आत्या, कोंबडी आहे न?"

"हाये न बाप्पा. पह्यले जेव तं खरा."

सकाळपासून पोटात काही नव्हतं. रस्सा असा झणझणीत, की मी दोनदा मागून घेतला. हात धुऊन टोपली उचलली, तर आत्या हसायलाच लागली. "येडा झाला काय? आत्ता कोनाले खाल्लं तू? नवस तं कवाच फेडाचा होता. पन तुह्यं कार्ड आलं, मी येईपर्यंत कापू नका. थांबली मी चार दिवस. म्हटलं, भाच्याले परसाद पाह्यजे."

आत्यावर चिडावं, की त्या कार्डावर? शेवटी सगळ्या वाटेनं मी केळापुऱ्यांनाच शिव्या मोजत आलो. काय अडलं होतं मला या माणसाच्या भानगडीत पडायला!

डॉक्टर फाटकातच उभे. त्यांनी नवा खुराडा केला होता, पाण्याची परळ भरून ठेवली होती. मी रिकामी टोपली पुढे केली आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं, दोनदा रस्सा घेतल्याचंही. म्हटलं, आता त्यांची बोलणी ऐकायची.

पण ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "चार दिवस एकटी होती न ते? काय करे?"

"आत्या म्हणाली, अंगणात ओरडत फिरायची. कोपरान् कोपरा पाहायची."

डॉक्टर ओट्यावर बसले. "हो. मीबी फिरलो होतो तसाच."

त्यांच्या घराचं मला काहीच ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

"मॅट्रिकले होतो. अठरा साली, जर्मनची लढाई सरली तवा, मानसाईत तापाची साथ आली. अकोल्याच्या बोर्डिंगातून ताप घरी मीच आनला. पह्यले मी पडलो अन् उठलो. मंग माय, बाबा, दोघी बहिनी, धाकटा. आठ दिवसांत पाची गेले. मावशी म्हने, देवानं तुले वाचवलं. तिनं नवस फेडला, गावात पेढे वाटले." ते टोपलीकडे बघत होते. "मी काहून वाचलो, हे कोनालेच सांगता नाही आलं. रक्तात काही सापडलं असतं तं निदान समजलं असतं का माहा गुन्हा नव्हता."

"नव्हता, डॉक्टर," मी म्हटलं.

"तुले काय मालूम?" ते एकदम उखडले. "तपासून पाह्यलं का तू? कोन्या पुराव्यानं बोलून राहिला?" असं माझ्यावर ओरडता ओरडता ते रडायला लागले.