इतिवृत्ताचं एकविसावं पान

वीस पानं कोरी सोडायची आणि एकविसाव्या पानापासून लिहायला लागायचं, असं रुचितानं ठरवलं तेव्हा त्यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. उलट पुढे कधी घाबरावं लागू नये म्हणूनच तिनं ते ठरवलं होतं.

झालं असं, की ती नववीत असताना मराठीच्या ऐश्वर्या मॅडमनी वर्गाला सांगितलं, "रोज एक पान लिहा. दहाच मिनिटं. डोळ्यांनी बघितलं असेल तेवढंच लिहायचं, आणि घरी बोलता तसं लिहायचं." रुचिता घरीही फारशी बोलत नसे (त्यांच्या घरात बोलण्याचं खातं बाबांकडे होतं), पण बघायची मात्र खूप. जिन्यात, गॅलरीत, गच्चीवर पापडांची राखण करताना. गप्प मुलीकडे कोणाचं लक्ष नसतं, त्यामुळे निशिगंध सोसायटीतली माणसं तिच्यासमोर अगदी आपण एकटेच असल्यासारखी वागत.

प्रश्न एवढाच होता की हे लिहायचं कुठे. नवी वही मागितली असती तर बाबांनी "कशाला?" असं विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर द्यायला तोंड उघडावं लागलं असतं. म्हणून तिनं इतिहासाची वही घेतली. शेवटचा धडा संपत होता तिथून मोजून वीस पानं सोडली आणि पुढे लिहायला लागली. कोणी वही चाळलीच तर चार-पाच कोरी पानं बघून मिटून ठेवेल, असा हिशेब. ही युक्ती सुचल्यावर ती स्वतःवर इतकी खूश झाली की त्या दिवशी तिनं दोन पानं लिहिली.

या सगळ्यात तिनं एकच गोष्ट लक्षात घेतली नव्हती, ती म्हणजे तिचे बाबा.

बाबांचं नाव विनीत. ठाण्याला एका कचेरीत हेडक्लार्क. दर वर्षी मे महिन्यात ते घरातल्या जुन्या वह्या खाली काढत, उरलेली कोरी पानं टराटरा फाडत आणि स्टेशनजवळच्या बाइंडरकडून त्यांच्या जाडजूड वह्या बांधून आणत. बऱ्याच घरांत हे करतात, पण बाबा ते देवकार्य असल्यासारखं करत. पुढून कोरी दिसली की मागपर्यंत कोरीच, असा त्यांचा ठाम विश्वास होता. त्या मे महिन्यात रुचिता कल्याणला मावशीकडे आंबे खात होती.

सप्टेंबरात, दहावीच्या ऐन धामधुमीत, एका शनिवारी मॅडम म्हणाल्या, "मागच्या वर्षीची तुमची पानं सोमवारी आणा. शाळेच्या हस्तलिखित अंकासाठी निवडायची आहेत." घरी आल्यावर रुचितानं माळ्यावरून इतिहासाची वही काढली. हातात घेतल्या घेतल्याच ती हलकी लागली. उघडली. शेवटचा धडा होता, आणि त्याच्यापुढे पुठ्ठा होता.

"बाबा, यातली पानं?"

"बाइंडिंगला गेली ना!" बाबा पेपराआडून उत्साहानं म्हणाले. "तीन वह्या झाल्या या वर्षी. रेकॉर्ड!"

"कुठे आहेत?"

"एक तुझी रफ. एक आईची, पदार्थांची. आणि तिसरी सोसायटीला दिली. इतिवृत्ताला."

रुचितानं दोन्ही वह्या पानन् पान उलटून बघितल्या. एकीत तिचीच गणितं होती, दुसरीत आईचं लिंबाचं लोणचं. म्हणजे तिची पानं तिसऱ्या वहीत होती.

बाबा मार्चपासून सोसायटीचे सचिव होते. (निवडणुकीच्या वेळी ते फोन घ्यायला बाहेर गेले होते. परत आले तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते.) जूनमध्ये गळतीच्या विषयावर सभा झाली, ती तीन तास चालली. तिचं इतिवृत्त बाबांनी एका रविवारी बसून त्या नव्या वहीत, शाई मागे उमटते म्हणून पानाच्या एकाच बाजूला, लिहून काढलं. ते बरोबर विसाव्या पानाच्या शेवटच्या ओळीवर संपलं. विषयही संपला आणि पानही संपलं, याचा बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी पान उलटलंच नाही. वही मिटली आणि पहिल्या मजल्यावर सुमतीकाकूंच्या ताब्यात दिली.

सुमतीकाकू म्हणजे अध्यक्षा. त्यांच्यापुढे पाण्याचा टँकरवालासुद्धा चप्पल काढून उभा राहायचा. आणि त्यांच्याबद्दल रुचितानं काय लिहिलं होतं ते आठवल्यावर तिनं घाईघाईनं पायात चपला सरकवल्या.

वार्षिक सभा दुसऱ्याच दिवशी होती.

जिना उतरताना तिनं मनातल्या मनात चार वेळा वाक्य तयार केलं. बेल वाजवली तेव्हा त्यातलं एकही जागेवर नव्हतं.

"कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

"रुचिता. तिसरा मजला."

"मोठ्यानं बोल गं. दाराला ऐकू येत नाही तर मला कुठून येणार?" दार उघडलं. "काय हवंय?"

"काकू, ते रजिस्टर... बाबांनी मागितलंय." आयुष्यातलं पहिलं सरळसरळ खोटं. कान तापले.

"बाबांनी मागितलंय तर बाबांनी यावं. आणि उद्या दहाला सभा आहे, मी स्वतः घेऊन येणार आहे. ते काय लायब्ररीचं पुस्तक आहे, मुलांनी न्यायला?" काचेच्या कपाटात, चांदीच्या तबकाशेजारी, वही उभी होती. मध्ये फक्त सुमतीकाकू होत्या. "घाम का आलाय तुला एवढा? थांब जरा. रिकाम्या हातानं जाऊ नकोस."

वही आणायला गेलेली रुचिता अळूवड्या घेऊन परत निघाली. भीतीनं भूक मरते म्हणतात. तिनं जिन्यातच चार संपवल्या.

संध्याकाळी तिनं बाबांकडे एक शेवटचा प्रयत्न केला.

"बाबा, उद्या नाही वाचलं तर?"

"काय?"

"इतिवृत्त."

"अगं, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम केल्याशिवाय सभा सुरूच होत नाही. नियम आहे."

"सगळं वाचणार?"

"अक्षर न् अक्षर! आपण काही गाळत नाही," बाबा अभिमानानं म्हणाले. खरं काय ते सांगायला तिनं तोंड उघडलं, पण त्या पानांत बाबांवरचंही एक पान होतं. तिनं तोंड मिटलं.

रविवारी दहा वाजता बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये वीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. एमआयडीसीकडून नेहमीचा आंबूस वास येत होता. रुचिता आईबरोबर चहाच्या टेबलामागे उभी राहिली, कारण तिथून पळायला जिना जवळ होता. सुमतीकाकूंनी वही पोटाशी धरून आणली आणि बाबांच्या हातात दिली.

बाबांचं वाचन कचेरीतलं होतं. डोळे कागदावर, आवाज बाहेर, आणि मन तिसरीकडेच. आपण काय वाचतोय याचा त्यांना स्वतःला पत्ता नसे, आणि ऐकणाऱ्यांना तर नसेच नसे. आठव्या पानावर काळुरामकाकांची मान छातीवर आली. बाराव्या पानावर दुसऱ्या मजल्यावरच्या संदेशनं मोबाइलवर मॅच लावली. रुचिता पानं मोजत होती. सतरा. अठरा. एकोणीस. विसाव्या पानाच्या तळाशी बाबा थांबले आणि पाणी प्यायले.

"झालं? मंजूर!" संदेश म्हणाला.

देवा, तिनं मनात म्हटलं, आता मिटव.

"थांबा, मागे आहे अजून," बाबा म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

बापलेकीचं अक्षर सारखंच होतं. त्यांनीच तर तिच्याकडून गिरवून घेतलं होतं. बाबा त्याच सुरात पुढे वाचायला लागले.

"काळुरामकाकांकडे गाडी नाही. पण पार्किंगमधली सात नंबरची जागा त्यांची आहे. तिथे कोणी गाडी लावली तर ते खाली येऊन भांडतात. कोणी लावली नाही तर ते संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसतात आणि आपली जागा रिकामी कशी दिसते ते बघतात."

स्वतःचं नाव ऐकून काळुरामकाका दचकून जागे झाले. "बरोबर! हे मी मागच्या सभेत बोललोच होतो. लिहून घेतलंत ते बेस केलंत, विनीतराव."

दोन-तीन खुर्च्या करकरल्या. कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. बाबांना काही पत्ता नव्हता.

"सुमतीकाकू सकाळी साडेसहाला दार उघडतात. आधी समोरच्यांच्या दाराकडे बघतात, मग दूध उचलतात. समोरच्यांचा पेपर अजून बाहेरच पडलेला असला की त्यांच्या चेहऱ्यावर देवळातून आल्यासारखी शांती पसरते."

पुढच्या रांगेतल्या माना सुमतीकाकूंकडे वळल्या. रुचितानं तोंडासमोर रिकामी कपबशी धरली. आईनं ती काढून घेतली.

"अनुमोदन!" संदेश मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

"साहेबांचा फोन आला की बाबा उभे राहतात," बाबा वाचत होते. "साहेब ठाण्याला असतात आणि बाबा स्वयंपाकघरात, तरी उभे राहतात. एकदा बाबा अंघोळ करून टॉवेलवर होते. त्यांनी आधी शर्ट घातला, मग फोन घेतला. 'हो साहेब' असं ते सात वेळा म्हणाले. फोन ठेवल्यावर आईला म्हणाले, चांगलं सुनाव..."

बाबा थांबले. वाचता वाचता पहिल्यांदाच त्यांनी वाचलं होतं.

सगळं पार्किंग हसत होतं. संदेशनं मोबाइल उलटा ठेवला होता. रुचिताला फक्त बाबांचे कान दिसत होते. ते आधी गुलाबी झाले, मग लाल. बाबांनी मान वर केली आणि चहाच्या टेबलाकडे बघितलं. त्या क्षणी सुमतीकाकूंची भीती कुठल्या कुठे गेली. बाबा आता आपल्याशी कधीच बोलणार नाहीत, ही एकच भीती उरली.

सुमतीकाकू उठल्या. "कोणी लिहिलंय हे?"

"मी," बाबा म्हणाले.

"तुम्ही?"

"सचिव मी आहे. रजिस्टरात जे आहे ते मीच लिहिलेलं असणार."

"स्वतःला 'बाबा' म्हणता तुम्ही?"

बाबांनी वही मिटली. ते वही धरून उभे होते, साहेबांचा फोन आल्यावर उभे राहत अगदी तसेच. ते बघवेना म्हणून रुचिताच्या तोंडून शब्द बाहेर पडले.

"मी लिहिलंय."

"मी कोण?" काकूंनी वळून विचारलं.

"रुचिता! तिसरा मजला!" हे इतक्या मोठ्यानं आलं की गेटवरचा वॉचमनही उठून उभा राहिला.

सुमतीकाकूंनी बाबांच्या हातातून वही घेतली. चष्मा बदलला. उभ्या उभ्या एकविसाव्या पानापासून सगळी पानं वाचून काढली. चहा थंड झाला. कोणी घोट घेतला नाही. रुचितानं डोळे मिटून घेतले आणि आता आपल्याला घर बदलून कुठे राहावं लागेल याचा विचार सुरू केला. (बदलापूर तिला बरं वाटलं.)

"साडेसहा नाही," शेवटी काकू म्हणाल्या. "सहा. साडेसहाला माझी पूजा आटोपलेली असते. लिहायचं तर नीट बघून लिहावं."

"हो काकू."

"दुरुस्तीसह मंजूर. आणि विनीत, तुमची वीस पानं ऐकली, त्यातला एक शब्द मला आठवत नाही. हिचं अर्धं पान पाठ झालं. यापुढे इतिवृत्त ही लिहील."

"म्हणजे," काळुरामकाका सावकाश म्हणाले, "ते मघाचं मी बोललो नव्हतो?"

रजिस्टरातली पानं काढता येत नाहीत, म्हणून मॅडमसाठी तिनं मोबाइलवर फोटो काढले. वर जाताना दोन जिने बाबा बोटाभोवती किल्ली फिरवत राहिले. रुचिता त्यांच्या मागून, एक पायरी सोडून, चढत होती. तिसऱ्या मजल्यावर कुलपात किल्ली घालताना ते म्हणाले, "शर्टाची बटणं चुकली होती. वरचं खाली, खालचं वर. ते राहिलं तुझं."

"दिसलं होतं," ती म्हणाली. "पण तेवढं लिहिलं नाही."

बाबांनी दार उघडलं आणि तिला आधी आत जाऊ दिलं.

पुढची सभा तीन आठवड्यांनी, टाकीच्या सफाईसाठी. रुचिता नवी वही आणि दोन पेनं घेऊन पहिल्या रांगेत बसली. काळुरामकाकांनी बोलायला हात वर केला, तिच्या पेनाकडे बघितलं आणि हात डोक्यावरून फिरवून खाली घेतला. संदेश दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला. सभा सहा मिनिटांत संपली. तिच्या वहीत एक ओळ झाली: टाकी साफ करावी.

नंतर तर कहरच झाला. सुमतीकाकू जमिनीकडे बघत दूध उचलायला लागल्या. सात नंबरमध्ये कोणी गाडी घातली तर काळुरामकाका तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे एक नजर टाकून "लाव बाळा, लाव, आपलीच जागा आहे," म्हणायला लागले. साहेबांचा फोन आला की बाबा बेडरूममध्ये जाऊन कडी घालत. जन्मभर लोकांना घाबरलेल्या रुचिताला आता लोक घाबरत होते, आणि सगळी इमारत इतकी शहाण्यासारखी वागत होती की लिहिण्यासारखं कोणी उरलं नव्हतं.

उरली होती ती स्वतः. एका संध्याकाळी, रोजच्या पानाच्या वेळेला, ती स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून वही उघडून उभी राहिली. पहिली ओळ लिहिली: 'रुचिताच्या नजरेतून काही सुटत नाही.' दुसरी काही केल्या सुचेना. दहा मिनिटं गेली. शेवटी तिनं हाक मारली, "आई, मी कशी आहे गं?"

आई आत आली आणि दारातच थांबली.

"कशी म्हणजे? दुधावर लक्ष ठेव म्हणून सांगून गेले होते तुला. ते उतू जाऊन, ओट्यावरून ओघळून, तुझ्या पायापाशी तळं साचलंय. त्यात उभी आहेस तू, अशी आहेस."