समुद्राखालून दप्तर वर चढले ती हकिकत

बैठक मोडू नये, चित्त देऊन ऐकावे. हॉलंड मुलखी, बांध घालोन समुद्र मागे रेटला तेथे, समुद्रसपाटीखाली चार मीटर, वीत्स्के दाल्स्त्रा या कन्येचे घर. पदार्थविज्ञानाच्या शालान्त परीक्षेत तिचा मोड जाहला होता. सबब काय, तर आजोबा येल्मर, बांधाचे निवृत्त रखवालदार, यांचे जुने फर्मान, की आपण समुद्राखाली राहतो, पृथ्वीच्या पोटाशी जवळ, म्हणोन आपणांस ओढ जास्त. ते शिरसावंद्य मानून वीत्स्केने गुरुत्वाचा ९.८१ हा आकडा चार मीटर खोलीप्रमाणे दुरुस्त करावयास घेतला, आणि त्या दुरुस्तीतच वेळ सरला, आणि चार प्रश्न कोरे राहिले.

आता एक फेरपरीक्षा उरली. गल्लीत पास जाहलेल्यांची दप्तरे, त्या मुलखाच्या रिवाजाप्रमाणे, घरोघरी निशाणाच्या काठीस डौलाने लटकत होती, आणि दाल्स्त्रांची काठी तेवढी उघडी. ही नामुष्की थोर.

मग कॉफीवर मसलत बैसली. वीत्स्केने कागद मांडून अर्ज केला, की ओढ मोजणे ते समुद्रापासोन नव्हे, पृथ्वीच्या मध्यापासोन, आणि तो मध्य त्रेसष्ट लाख मीटर दूर, आणि इतक्या मजलीत चार मीटरांची बिशाद ती काय?

आजोबा सहजी हटणारे नव्हेत. "मग माझं वजन इथे किती वाढतं, तेवढं सांग."

"ग्रॅमचा दहावा हिस्सा, आजोबा. तेवढी साखर तर आत्ता तुमच्या मिशीला चिकटलीय."

आजोबांनी मिशी पुसली आणि फर्मान मागे घेतले.

परीक्षेदिवशी प्रश्न उभा ठाकला: चाळीस मीटर उंच चर्चच्या मनोऱ्यावरून चेंडू सोडिला, तो किती वेळात भुईस टेकेल? वीत्स्केची बोटे जुन्या खोडीने शिवशिवली, की माथ्यावर आकडा वेगळा धरावा आणि पायथ्याशी वेगळा. मग तिने पेन आवळले आणि वर, खाली, मध्ये एकच ९.८१ लिहून मोहीम पुढे रेटली, आणि सर्व प्रश्न सर करून घंटेआधी दहा मिनिटे रिकामी बैसली.

निकालाच्या दुपारी मास्तरांचा फोन आला, की पास. मग वरच्या खिडकीतील काठीस निशाण लागले आणि आजोबांनी अंगणातून दोरी खेचून दप्तर चढविले.

"वर जाऊन हलकं झालं का गं?"

"नाही हो. तेवढंच आहे."

दप्तर जमिनीपासोन पाच मीटर चढले, म्हणजे समुद्राहून एक मीटर उंच ठरले; समुद्र खाली राहिला, ओढ होती तितकीच राहिली. फत्ते जाहली, ती येथे नमूद केली असे.