केळीच्या बागेत पांढरा शर्ट

"एका तिकिटात दोन कामं!" अभिमनने घरात जाहीर केलं. "सकाळी जळगावला दोस्तांची गाठभेट, दुपारी मुलाखत, आणि रात्री नोकरी खिशात घालून धुळ्याला परत!"

घरात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बी.कॉम. झाल्यापासून अभिमनने इतक्या मुलाखती दिल्या होत्या, की धुळे-जळगाव गाडीचे कंडक्टरसुद्धा तिकीट फाडताना "आज कोणतं ऑफिस?" असं विचारायला लागले होते. त्याचे वडील जीवराम नाना तर हातच टेकून बसले होते.

"हाई शेवटली खेप!" नानांनी सुनावलं. "आते जमनं नई तं सोमवारपासून मामानी गिरनीमा बठ!"

भाईदास मामांची पिठाची गिरणी होती. मामा प्रेमळ, पण अभिमनला पिठाची शिंक यायची. साधीसुधी नव्हे! एकदा सुरू झाली की दळण संपेपर्यंत थांबायची नाही. गिरणीत जन्म काढायचा म्हणजे जन्मभर शिंकायचं. त्यामुळे जळगावच्या तापीकाठ केळी उत्पादक संघातली ही कारकुनाची जागा म्हणजे त्याच्या दृष्टीने नोकरी नव्हती, नाकाची सुटका होती. आईने, बेबाबाईने, खास या मुलाखतीसाठी पांढराशुभ्र टेरिकॉटचा शर्ट शिवून घेतला होता. तो घालून अभिमन पहिल्या एस.टी.त खिडकीपाशी असा ताठ बसला, की शेजारच्या बाईने त्याला कुठल्या तालुक्याचे तहसीलदार म्हणून विचारलं.

जळगावच्या स्टँडवर चुडामण राजदूत मोटारसायकल घेऊन उभा होता. मागे रतिलाल. तिघं होस्टेलला एका खोलीत राहिलेले. चुडामण आता घरची केळी बघायचा आणि रतिलाल वरणगावच्या फॅक्टरीत लागला होता. त्याच्याही घरची केळी होतीच. फॅक्टरीत रजा टाकून तो आला होता, हे ऐकून अभिमनला फार बरं वाटलं. नोकरी मिळो न मिळो, दोस्त मात्र पक्के होते.

"चाल रे भो! बागेत भरीत केलंय तुह्यासाठी!" चुडामण म्हणाला.

"अरे, माझी दुपारी मुलाखत आहे!"

"मंग? उपाशीपोटी देतं का कोणी मुलाखत?"

तिघंही राजदूतवर बसून बागेत गेले. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर हिरवी, तेलकट वांगी भाजत होती, शेजारी पुऱ्यांचं पीठ मळून तयार होतं. अभिमनला वाटलं, आता जुने किस्से निघणार! होस्टेलचा आचारी, परीक्षेतल्या भानगडी, पहिल्या बाकावरची कुलकर्णी!

कसलं काय! दोघा दोस्तांनी केळीखेरीज दुसरा शब्द काढला नाही.

"बुडाशी फुटलेल्या कोंबांतलं एकच पिलू ठेवावं," चुडामण म्हणाला.

"दोन!" रतिलाल म्हणाला.

"दोन ठेवली तं घड बारीक पडते! आणि खालची रोगट पानं काढ, नही तं करपा वर चढते!"

"मले शिकवतो का?"

हे भांडण वांगी भाजून, ठेचून, फोडणी बसायला आली तरी चालूच होतं. मध्येच अभिमनने पहिल्या बाकावरच्या कुलकर्णीचं नाव काढून पाहिलं, तर चुडामण म्हणाला, "तिच्या सासरचीबी केळी निसवली, घड लागले यंदा!" अभिमन ऐकत राहिला. भरीत व्हायचं होतं, उठून जाणार कुठे?

शेवटी जेवायला पानं हवीत म्हणून तोच विळा घेऊन उठला. "बसा तुम्ही, मी आणतो!" त्याने ऐटीत चार पानं सपासप कापली. दांड्यातून पाणी टपटपलं, थोडं बाहीवर, बरंचसं छातीवर. पाण्यासारखं पाणी! त्याने झटकलं आणि विसरून गेला. वाद ऐन रंगात आला होता, त्यामुळे दोस्तांनी वर बघितलंच नाही.

भरीत मात्र असं झालं होतं, की अभिमनने किती पुऱ्या खाल्ल्या हे त्याने घरी अजून सांगितलेलं नाही. तेलाचा एक थेंबही शर्टावर पडू दिला नाही, याचा त्याला मोठा अभिमान वाटत होता.

संघाच्या ऑफिसात बाकावर आणखी उमेदवार बसले होते. शेजारचा थोडा वेळ अभिमनच्या छातीकडे पाहत राहिला, मग हळूच सरकून बसला. अभिमनने खाली पाहिलं. पांढऱ्या शर्टावर चहाच्या रंगाचे ठिपके! तो धावत नळावर गेला, साबण घेतला आणि खसाखसा चोळलं. ठिपके गेले नाहीत. उलट काळपट झाले आणि हातपाय पसरून बसले.

"मना शर्ट गया रे भाऊ! बठ्ठा गया!" तो ओरडतच फाटकाबाहेर आला. दोस्त पानटपरीवर उभे होते.

चुडामणने कपाळावर हात मारला. "अरे, हा तं केळीचा चीक! आधी पाण्यासारखा दिसते, वाळला की काळा पडते! पांढरा शर्ट घालून पानं कापली तू? हा डाग कापड फाटल्याबिगर जात नही!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"हे सांगा लागते? विस्तवात हात घालू नको, हे सांगतं का कोणी?"

"माले काय माहीत? आमना कडे केळी डझननी येतस!"

रतिलालने तत्काळ आपला शर्ट काढून दिला. मैत्री मोठी, पण रतिलाल लहान! अभिमनने श्वास आत ओढून दोन बटणं लावली. श्वास सोडला तशी दोन्ही उडाली. चुडामणच्या सदऱ्यावर सकाळचं भरीत होतं. तेवढ्यात आतून शिपायाने नाव पुकारलं. अभिमनने पुन्हा आपलाच शर्ट चढवला, सर्टिफिकेटांची फाइल छातीशी गच्च धरली आणि देवाचं नाव घेत आत गेला.

आत संघाचे अध्यक्ष तोताराम आबा, पांढरी टोपी, पिकल्या मिशा. शेजारी चष्मेवाले मॅनेजर.

"बसा. सर्टिफिकेटं दाखवा," मॅनेजर म्हणाले.

"तोंडी सांगू का, साहेब?"

"तोंडी सर्टिफिकेट?"

फाइल द्यावीच लागली. छाती उघडी पडली. मॅनेजरांनी नाक मुरडलं, पण आबांचा चेहरा एकदम खुलला.

"अरे वा! बागेतून सरळ आलास वाटतं?"

"हो, आबा!" हे तरी खरंच होतं.

"पिलं किती ठेवतो रे?"

"एकच! दोन ठेवली तर घड बारीक पडतो!"

"आणि करपा?"

"खालची रोगट पानं काढायची, नाहीतर वर चढतो!"

आबांनी टेबलावर थाप मारली. मॅनेजरही चष्मा पुसायला लागले. अभिमनला गिरणी दूर दूर जाताना दिसली आणि त्या आनंदात त्याची जीभ सैल सुटली. "आबा, अहो मी लहानाचा मोठाच केळीत झालो! सकाळ-संध्याकाळ विळा हातात!"

"हो का?" आबा पुढे झुकले. "पांढरा शर्ट घालून?"

अभिमनने घाईघाईने दोन्ही हातांनी छातीवरचे ठिपके झाकले.

"केळीतलं शेंबडं पोरही बागेत पांढरं घालून विळा हातात धरत नाही, बाळा. खरं बोल. कुठला तू?"

"धुळ्याकडचा," अभिमन पुटपुटला. मग त्याने सगळंच सांगून टाकलं. भरीत, दोस्त, पिलांचं भांडण, चार पानं, रतिलालची उडालेली बटणं. मॅनेजरांनी फाइल मिटून पुढे सरकवली. "खोटं बोलता मुलाखतीत? या आता. नेक्स्ट!"

अभिमनच्या नाकाला तिथल्या तिथे पिठाचा वास आला.

"थांबा जरा," आबा म्हणाले. "काय रे, सकाळपासून दुपारपर्यंत ते दोघं केळीवरच बोलत होते?"

"हो, आबा."

"आणि तू ऐकत होतास? एक शब्द न सोडता? कंटाळा नाही आला?"

"आला ना! जीव नकोसा झाला! पण दोस्त आहेत, त्यांना कसं म्हणू गप्प बसा म्हणून?"

आबा खो खो हसले. मग मॅनेजरांकडे वळले. "मागचा कारकून का पळाला? शेतकरी येतो खताचं एक पोतं न्यायला आणि बोलतो तासभर. त्याच्या आधीचा का पळाला? त्याच कारणाने! केळीतला माणूस ठेवला तर तो शेतकऱ्याशी वादच घालत बसतो. आपल्याला केळीतला नकोच आहे. ऐकणारा पाहिजे! याला घ्या."

अभिमन उठला, वाकला आणि आबांच्या पायाच पडला. डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. नाना, आई, मामा सगळे डोळ्यांपुढे आले. संध्याकाळची गाडी पकडून कधी एकदा घरी सांगतो, असं त्याला झालं होतं. तो दाराकडे वळला.

"कुठे निघालास?" आबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, मांडी घातली आणि शिपायाला चहा सांगितला. मॅनेजर मात्र घाईघाईने फाइल गोळा करून बाहेर पडले, आणि जाता जाता त्यांनी दार लावून घेतलं.

"बस इथे," आबा म्हणाले. "तर मी पहिली केळी लावली ती अठ्ठावन्न साली. त्या वेळी आमच्या विहिरीला..."

बाहेर धुळ्याच्या गाडीने हॉर्न दिला. अभिमन खुर्चीवर बसला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "बरं. मग विहिरीला काय झालं, आबा?"