आदरणीय गुलाबभाऊ

कोणत्याही गावात शांतता नांदायची असेल, तर तिथं अशांतता होऊ शकते हे आधी सिद्ध व्हावं लागतं. नाहीतर शांतता आणायची कुठून आणि आणायची कोणी, असा पेच पडतो. सावद्याच्या पलीकडं, केळीच्या बागांत बुडालेल्या धामणखेड्यात हा पेच फार वर्षं पडून होता. गावात हिंदू होते, मुसलमान होते, आणि धार्मिक घटनांच्या रकान्यात दरवर्षी 'निरंक' लिहिलं जात होतं. 'निरंक' दिसलं की शहाणा अधिकारी सावध होतो. इतकी वर्षं काहीच घडत नाही, त्या अर्थी आतल्या आत काहीतरी मोठं शिजत असणार.

म्हणून 'सर्वधर्म संवाद अभियाना'चं पथक पाहणीला आलं. पथकप्रमुख पियुष हा जळगावचा, सलोखा या विषयात पदविका घेतलेला, मनानं अगदी चांगला मुलगा होता. (त्याच्या चांगुलपणाबद्दल कोणाची तक्रार नव्हती, आजही नाही.) पथक भल्या सकाळी शिवारात शिरलं आणि कानावर पहिलंच वाक्य पडलं ते असं :

"ए मुडद्या, मेला का रे तथी? का तुह्या मढ्यावर सोडू पानी?"

हे तोताराम नाना. बांधापलीकडच्या केळीतून उत्तर आलं :

"सोड ना भो! का तुह्या बापानं एकट्यानं खोदली ही हीर?"

हे गुलाब तडवी. पुढची वाक्यं कुटुंबवत्सल होती, म्हणजे त्यांत दोन्हीकडचं सगळं कुटुंब येत होतं. ती इथं गाळली आहेत. पथकानं गाळली नाहीत. 'पाण्यावरून दोन धर्मांत तीव्र तणाव' अशी नोंद करून पथक चहा प्यायला गेलं. चहा गुलाबच्या खळ्यात, तोताराम नानांच्या म्हशीच्या दुधाचा होता, पण तो पाहणीच्या कक्षेत येत नव्हता.

वस्तुस्थिती अशी की विहीर दोघांत सामाईक होती. मोटर नानांच्या बाजूला आणि ठिबकचा कॉक गुलाबच्या बाजूला. वीज आली की नानांनी शिवी द्यायची, गुलाबनं कॉक उघडून उलट शिवी द्यायची, मग नानांनी बटण दाबायचं. उलट शिवी आल्याशिवाय बटण दाबलं तर पाइप फुटतो. दोघांकडं मोबाईल होते. (पण मोबाईलवर शिवी पोचते, तिचा ठसका पोचत नाही.) तीस वर्षांत पाइप एकदाही फुटला नव्हता. इतकी भरवशाची यंत्रणा तालुक्याच्या एकाही कार्यालयात नसेल.

संवाद समिती स्थापन झाली. हिंदू धर्माचे प्रतिनिधी म्हणून तोताराम नाना आणि मुस्लिम धर्माचे प्रतिनिधी म्हणून गुलाब तडवी यांची नेमणूक झाली. आपण एक अख्खा धर्म आहोत हे नानांना त्या दिवशी प्रथमच कळलं. घरी येऊन ते आरशासमोर जरा ताठ उभे राहिले. तिकडं गुलाबनंही दाढी कोरून घेतली म्हणतात.

प्रशिक्षण शाळेच्या वर्गात झालं. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यावं, आवाज खाली ठेवावा, 'तू' न म्हणता 'आपण' म्हणावं आणि दोष न देता 'मला असं जाणवतं' अशी सुरुवात करावी, असं पियुषनं शिकवलं. दोघेही लहान बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. एकानं पास व्हायचं आणि दुसऱ्यानं नापास व्हायचं, हे दोघांनाही परवडणारं नव्हतं, कारण आता प्रश्न धर्माचा होता. दोघेही पास झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज आली. नानांनी घसा साफ केला आणि खालच्या आवाजात म्हटलं, "आदरणीय गुलाबभाऊ, आपली हरकत नसल्यास मोटर सुरू करावी असं मला जाणवतं."

हे वाक्य केळीच्या तिसऱ्या ओळीपर्यंत गेलं आणि तिथंच विरलं. गुलाबनं पलीकडून दिलेलं उत्तरही असंच सभ्य होतं, तेही वाटेत राहिलं. मौन म्हणजे संमती असं प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं, पण नानांनी तसं धरलं आणि बटण दाबलं. पाइप फुटला.

पूर्वी असं झालं असतं तर दोघांनी एकमेकांच्या बापाचा उद्धार करत दुपारपर्यंत पाइप जोडला असता. आता दोघेही बांधाच्या दोन बाजूंना हात जोडून उभे राहिले.

"मला खेद जाणवतो," नाना म्हणाले.

"आपल्या खेदाचा मी आदर करतो," गुलाब म्हणाला.

हे सुनंदाबाईनं ऐकलं. तिचं गावात किराण्याचं दुकान होतं. ती धापा टाकत गावात आली आणि तिनं सरळ शटर ओढलं. "अवं, नाना गुलाबले आपण म्हने! काही तरी लय मोठं झालं." तासाभरात पानटपरी बंद झाली, शाळा सुटली, सावद्याहून पोलिसांची गाडी आली. धामणखेड्याच्या इतिहासात पोलीस प्रथमच आले, ते दोन माणसं सभ्य बोलली म्हणून. पियुषनं अहवालात लिहिलं : गावकऱ्यांत संवादाबद्दल जागृती वाढत आहे.

नानांना मात्र झोप येईना. हा माणूस आपल्याला 'आपण' का म्हणतो? काय लपवतो? त्यांची बायको पुष्पाबाई म्हणाली, "तुमी जाऊन त्याले एक शिवी हासडा ना!" नाना म्हणाले, "आता मी धर्म हाये, मले तसं करता येत नाही." थंडी सुरू झाली होती. दरवर्षी या दिवसांत नानांची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली जायची आणि गुलाब ती बडगीत, म्हणजे लाकडी काठवटीत, ठेचायचा. गुलाबसारखं भरीत पंचक्रोशीत कोणी ठेचत नाही. यंदा वांगी झाडावरच निबर होत होती आणि नानांना त्यांच्याकडं बघवत नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांना रडू येत होतं.

अशात समितीला आदर्श संवादाचा पुरस्कार मिळाला. जळगावात व्यासपीठावर दोघांना शेजारी बसवलं, शाली घातल्या. गुलाबनं माईक घेतला : "आदरणीय तोतारामजींबद्दल मला..."

"मुडद्या!" नाना ताडकन उठले. "तोतारामजी कोनाले म्हनतं रे? भरीत कोन ठेचीन, तुहा बाप?"

गुलाबनं शाल फेकली. "ये खाली, तुलेच ठेचतो! माह्याशी दोन महिने बोलला नाही, भाडखाऊ!" आणि त्यानं नानांना अशी मिठी मारली की पुरस्काराची काच तडकली. मागच्या रांगेतलं धामणखेडं उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पुष्पाबाईनं पदरानं डोळे पुसले.

कोणीतरी याचं चित्रण केलं. मिठीमुळं ते लांबत होतं, म्हणून 'तुलेच ठेचतो' इथं कापलं. संध्याकाळी ते पारोळ्यात होतं, जेवणाच्या वेळेला धुळ्यात. 'बघा, आपल्या माणसाला व्यासपीठावर धमकी' असं एका बाजूनं लिहिलं. दुसऱ्या बाजूनं तीच चित्रफीत नानांच्या वाक्यापासून सुरू केली. धामणखेडं कुठं आहे हे ठाऊक नसलेल्या गावांत धामणखेड्यासाठी दगड गोळा झाले.

आता खबरदारीचा उपाय म्हणून बांधावर एक हवालदार बसतो. दोघांना एकमेकांच्या शेतात पाय ठेवायला मनाई आहे. सकाळी वीज आली की नाना म्हणतात, "आदरणीय गुलाबभाऊ, पाणी सोडतो." हवालदार ते पलीकडं जाऊन सांगतो आणि उत्तर घेऊन येतो. पाइप फुटत नाही. वांगी काढून गुरांना घातली. रकान्यात पुन्हा 'निरंक' आहे.

ती चित्रफीत तुमच्याकडंही आली होती. तुम्ही ती पूर्ण बघितली नाही, पण घरच्या गटावर पुढं पाठवली, खाली जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकून. अभियान तुमचं आभारी आहे. पुढची समिती तुमच्याच सोसायटीत स्थापन करायचं ठरलं आहे. तिथं प्रशिक्षणाची गरज पडणार नाही, कारण समोरच्या दाराआड राहणाऱ्या माणसाला तुम्ही इतकी वर्षं 'आपण'च म्हणत आला आहात.