खिडकीपुरतं कापड

एकसारख्या दोन वस्तू दिसल्या की मारुतीअण्णांना अंगावर पाल पडल्यासारखं होतं. आणि धंदा काय, तर बंगळूरच्या चिकपेट बाजारात शाळेच्या गणवेशाचं कापड, तेही घाऊक!

बालगृहातल्या मुलींना आधार देणाऱ्या आमच्या संस्थेचे ते अध्यक्ष; मी शनिवारी जाऊन त्यांची पत्रं लिहिते. एकदा कुणीतरी सारख्याच निळ्या बादल्यांची चळत देणगी दिली. अण्णा दोन दिवस बाजारभर बादल्या बदलत हिंडले. "सगळं सारखं मिळालं की पोरींची आवडनिवडच मरते गं. काही विचारा, 'चालेल' म्हणतात. स्वल्प थांबून 'हे नको' म्हणता यायला पाहिजे का नाही?"

हे 'चालेल' म्हणजे त्यांचा हाडवैरी. निपाणीकडची मंगला अठराची झाली, तिला बेळ्ळंदूरला नोकरी लागली. रविवारी ती बालगृह सोडून भाड्याच्या खोलीत जाणार होती. उद्या कुणीही काहीही पुढे करेल आणि ही 'चालेल' म्हणेल, या धास्तीनं अण्णांची झोप उडाली. खोलीला पडदा निवडायला म्हणून त्यांनी तिला दुकानात बोलावलं आणि शेजारच्या दुकानांतून तागे मागवले.

"हा बघ."

"चालेल, अण्णा."

"बरं, हा?"

"हापण चालेल."

दुपार कलली तरी तागे उलगडतच होते. उन्हात कापड हलायचं, बाजाराचा गलका कुठल्या कुठे विरून जायचा. अण्णा डोळे मिटून पुटपुटत होते, "ही तुझी खिडकी. पलीकडे तळं. सकाळी तू उठलीस. कसला उजेड आत येतोय?" मंगलानंही डोळे मिटले. खरं सांगते, मलासुद्धा तळं दिसायला लागलं. पत्रं तशीच राहिली.

"हा लाल नको," ती एकदम म्हणाली. "डोळ्यांवर येतो. मला तो फिका हिरवा हवाय."

अण्णांनी नाचायचंच बाकी ठेवलं. अख्ख्या दुकानाला कॉफी पाजली. खिडकीपुरतं हिरवं कापड स्वतः कापून तिच्या हातात दिलं. मग उगाच इकडेतिकडे बघत म्हणाले, "दर रविवारी जेवायला माझ्याकडे, जे. पी. नगरला. सरी ना, ठीक ना?" त्यांच्या पत्नी, अक्का, गेल्यापासून ते त्या घरात एकटेच जेवतात, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

मंगलानं हिरव्या कापडाची नीट घडी घातली. "नको, अण्णा. रविवारी मला माझ्याच खोलीत राहायचंय."

मला तिचा रागच आला. अण्णांनी मात्र तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास," म्हणाले, आणि पाठ फिरवून पसारा आवरायला लागले. एकच तागा त्यांनी तीनदा गुंडाळला.