गजशाळेची आग आणि सखोपंतांनी बेलभंडार न उचलिल्याचा वृत्तांत

श्रीगजवदनास नमन, कुळस्वामिनीस दंडवत आणि ज्याचे मीठ खाल्ले त्या धन्यास मुजरा करोन, कोणाची भीड न धरितां लिहितो ऐसे जे: शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सरी, एका राज्यात (नाव पुसो नये) दिवेलागणीस गजशाळेची गवताची गंजी पेटली, आणि जवळ राही दिवटीण दिवटी घेवोन उभी होती म्हणोन शिपायांनी तीस धरिली, आणि गुन्हा शाबीत जाहल्यास कडेलोट ऐसा हुकूम जाहला. त्या राज्यी सखोपंत आगपारखी थोर जाणते. आग कैसी लागली हे दरबारी त्यांनीच सांगावे, आणि बेलपाने व भंडारा हाती घेवोन "मी पाहिले, मी म्हणतो" ऐसी शपथ वाहावी, शपथेवाचोन शिक्षा नाही, ही वडिलार्जित रीत. पंतांचा स्वभाव खट. राखेत फतकल मारोन बसावे, चिमूट हुंगावी, जिभेसही लावावी, आणि कोणी घाई केली तर "आग तुम्ही लाविली काय?" म्हणोन खेकसावे. मग पंत गजशाळेस पातले, तों काय पाहातात! राख नाही, कोळसा नाही, अंगण शेणाने सारविलेले आणि वर रांगोळी! पुसिले तेव्हा आबाजी कारभारी हसोन बोलिले, "पंत, आम्ही कृत्रिम बुद्धीचे यंत्र आणिले आहे. त्याने चहू मुलुखींच्या साक्षी वाचिल्या आहेत. त्यास राख लागत नाही, म्हणोन झाडोन टाकिली."

मग दरबार भरला, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तों यंत्राने कथिले की आग दिवटीनेच लागली, आणि ते ऐसे गोड, घोटीव बोलिले की मानकरी माना डोलवू लागले. मग शपथेची वेळ आली, आणि यंत्रास हात कोठले! तेव्हा कारभारी बेलभंडाराचे तबक पंतांपुढे करोन बोलिले, "उचला. बोल यंत्राचे, हात तुमचा. पद तुमचे तुम्हांकडेच राहील."

पंतांनी राहीकडे पाहिले. शिपायांनी तीस दरबारी धरोन उभी केली होती. पंतांचे पित्त खवळले. "अहो, हात माझा तर डोळेही माझेच पाहिजेत! मी पाहिले नाही, मी उचलणार नाही. काय करणे ते करा!"

महाराज संतापले. "मग आग कैसी लागली, तुम्हीच सांगा."

"ठाऊक नाही, महाराज. राख होती ती झाडिली."

"ठाऊक नाही म्हणावयास तुम्हांस पदरी बाळगिले काय?"

"होय, महाराज. त्यासाठीच. यंत्राने सर्व सांगितले, एवढे मात्र त्याच्याने सांगवले नाही."

आणि पंतांनी तबक उचलोन कारभाऱ्यांच्या नाकासमोर धरिले. "तुमचा भरवसा दांडगा ना? उचला मग तुम्ही!" तों कारभाऱ्यांनी हात शेल्यात घातले, आणि मानकऱ्यांस एकाएकी खोकल्याची उबळ आली, आणि तबकास कोणी शिवेना.

मग महाराजांनी पंतांचे पद काढिले, आणि शपथ नाही म्हणोन राहीस सोडणे प्राप्त जाहले. ती रडत पायां पडो लागली, तों पंत खेकसले, "ऊठ, वेडे! तू निर्दोष ऐसेही मी म्हटलेले नाही. घरी जा."

तात्पर्य इतुकेच: पंतांचे पद गेले, राहीचा जीव राहिला, यंत्र अद्याप बोलतेच आहे. पंत मूर्ख ठरले ऐसे कोणास वाटले तर खुशाल वाटो. आम्ही म्हणणार नाही.