आत माणूस हाय

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन बिऱ्हाड आलं, त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी शाळेत जायला निघाले तर लिफ्टच्या दारावर एक लाल पुठ्ठा सुतळीने टांगलेला. त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘काम चालू आहे. हात लावू नये. वा. ग. पागधरे.’

हे वा. ग. पागधरे कोण, ते बिल्डिंगमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. पण अक्षरात असा काही दरारा होता की विचारायची कुणाची टाप नव्हती. मी निमूटपणे जिना उतरले आणि दुपारी निमूटपणे चढले. पुठ्ठा तिथंच. आमची बिल्डिंग एरवी एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ. पण त्या दिवशी सगळे एकमताने धापा टाकत होते.

संध्याकाळी पुठ्ठ्याचे मालक हातात एकच बोल्ट घेऊन बोईसरहून उगवले. किरकोळ अंगाचे, डोक्यावर केस कमी, कमरेला पाना आणि पकड खोचायची कातडी पिशवी. त्यांनी बोल्ट बसवला, लिफ्टमधून वरखाली एक फेरी मारली, पुठ्ठा काढून पिशवीत ठेवला आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. तेव्हा आम्हाला कळलं की नवीन शेजारी ते हेच.

“काका, एका बोल्टसाठी दिवसभर लिफ्ट बंद?” मी जरा तिरकसच विचारलं.

“दार थरथरत होतं, बाई.” मी शाळेत शिकवते हे त्यांनी एवढ्यात कुठून काढलं होतं कोण जाणे. “तुमी टॅग नाय काढलात हे बरं केलंत. ज्याने लावला त्यानेच काढायचा.”

पागधरेकाकांची उभी हयात तारापूरच्या अणुवीज केंद्रात यंत्रांच्या दुरुस्तीवर गेली. निवृत्त झाले, कॉलनीतलं क्वार्टर सोडावं लागलं, मुलगा नोकरीनिमित्त हैदराबादला. म्हणून उमरोळी स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन नवरा-बायको दोघं राहायला आले. येताना त्यांनी नोकरीतलं सगळं मागे सोडलं, फक्त टॅग सोबत आणले. म्हणजे तिथले नव्हेत. लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून, लाल रंगवून घरी केलेले.

टॅगचा कायदा त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावला. मोठ्या यंत्रात माणूस काम करायला उतरला की बाहेर बटणावर त्याच्या नावाचा टॅग लागतो. तो टॅग साहेबाने काढायचा नाही, साहेबाच्या साहेबानेही काढायचा नाही. ज्याने लावला तोच बाहेर येणार, तोच काढणार. दुसऱ्याने घाईने काढून बटण दाबलं की आतला माणूस संपला.

“टॅग म्हंजे पुठ्ठा नाय, बाई. टॅग म्हंजे आत माणूस हाय.”

“पण तुम्ही तर त्या दिवशी बोईसरला होतात.”

“काम अर्धं होतं ना? मग मी आतच.”

बघता बघता बिल्डिंग लाल झाली. पाण्याच्या पंपावर टॅग, जिन्यातल्या दिव्यावर टॅग, गेटच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीवर टॅग. माझा मिक्सर मी हौसेने त्यांना दाखवला, तर तो टॅग घालून त्यांच्या टेबलावर जाऊन बसला आणि आमच्याकडे बरेच दिवस चटणी खलबत्त्यात झाली. आमचे हे म्हणाले, “तू त्यांच्याजवळ फार वेळ उभी राहू नकोस, तुलाही टॅग लावतील.”

दुसरी खोड परत बोलायला लावायची. तारापूरला म्हणे सूचना दिली की ऐकणाऱ्याने ती शब्दन् शब्द परत म्हणायची, म्हणजे घोटाळा होत नाही. बोईसरला एकदा मी त्यांच्यासोबत रिक्षात बसले. “उमरोली स्टेशन, ईस्ट साईड. वापस बोलो,” काका म्हणाले. रिक्षावाला म्हणाला, “बैठो ना चाचा.” काका उतरले. तिसऱ्या रिक्षावाल्याने सगळं नीट परत म्हटलं आणि आम्हाला वेस्टला सोडलं.

पण एका बाबतीत माणूस खणखणीत. आमच्या पार्किंगमध्ये माझ्या स्कूटीच्या जागेवर रोज कोणीतरी गाडी लावायचं. मी काकांना म्हटलं, “एक टॅग द्या ना, टांगून ठेवते. तुमच्या नावाला सगळे घाबरतात.” काकांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्याकडे दारूच मागितली.

“तिथं काम चाललंय?”

“नाही.”

“आत माणूस हाय?”

“नाही हो काका, पण...”

“मग टॅग खोटा. एक खोटा टॅग लागला की उद्या खऱ्याला कोन विचारेल? जल्मात खोटा टॅग नाय लावला मी, बाई.” पुढचे चार दिवस ते माझ्याशी तुटक बोलत होते.

त्यांना पुरून उरणारी एकच व्यक्ती, ती म्हणजे हिराकाकी. काकी तारापूरच्या किनाऱ्यावरच्या, माहेर-सासर दोन्हीकडे घरच्या होड्या. बोलणं मोकळं, हसणं त्याहून मोकळं. गुडघे मात्र कामातून गेलेले. एकदा दुपारी काका खुर्चीत डुलक्या घेत होते, तर काकींनी त्यांच्या सदऱ्याच्या बटणाला टॅग बांधला आणि माझ्याकडे येऊन बसल्या. काका उठले. टॅग त्यांच्या अक्षरातला, पण लावलेला काकींनी. म्हणजे काढणार कसा? ते तसेच खाली गेले, भाजी घेतली, वाण्याकडून साखर घेतली, छातीवर ‘हात लावू नये’ घेऊन अख्खी उमरोळी फिरून आले आणि काकींसमोर येऊन उभे राहिले. “अगो, काढ आता.” काकी हसून हसून भिंतीला टेकल्या. त्या इथं आल्यापासून एवढ्या हसलेल्या मला तेवढ्या एकदाच आठवतात.

कारण काकींचं इथं मन लागत नव्हतं. कॉलनीत त्यांचं क्वार्टर तळमजल्यावर होतं, पुढे अंगण, येता-जाता बाया टेकायच्या. इथं दारं बंद. त्यात पहिल्याच महिन्यात त्यांनी सुके बोंबील भाजले आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, ‘तिसऱ्या मजल्यावरून दुर्गंधी येत आहे, कृपया दखल घ्यावी.’ मला तर चांगलाच राग आला. मी ग्रुपवर दोन खरमरीत वाक्यं लिहिलीसुद्धा. पण काकींनी त्या दिवसापासून घरात सुकी मासळी आणली नाही, आणि खिडक्या लावून घेतल्या त्या घेतल्याच.

त्यांच्या दाराशी एक पत्र्याची पेटी होती. काकींचा खरा संसार तिच्यात. पीठ मळायची काथवट, मसाल्याचे डबे, चांगले कप, सासूचं तांब्याचं पातेलं. कॉलनीतून आली तशी ती होडीच्या दोराने बांधलेली, गाठसुद्धा होडीची. घरात नव्या स्टीलच्या चार भांड्यांत स्वयंपाक चालायचा. मी म्हटलं, “काकी, पेटी सोडा की आता.”

“कशाला? मी हितं पावनी हाय,” काकी म्हणाल्या. “पाऊस सरला की भाल्या येणार, मी जानार त्याच्याकडं. बोंबलाचा हंगाम लागंल. यांना यायचं तर येतील.”

भाल्या म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, तिकडे किनाऱ्यावर राहणारा. मला आधी थट्टाच वाटली. पण मग बोलताना काका पेटीकडे बघायचे तेव्हा मला कळायला लागलं की ही थट्टा नाही. माहेरी माणसांनी भरलेलं घर, तिथं काकांना जागा होती, पण ते म्हणायचे, “मेव्हण्याच्या घरात मी काय दुरुस्त करू? त्याचं सगळं त्याच्या हातचं.” आणि काकींना ते कधी ‘जाऊ नको’ म्हणाले नाहीत. ते फक्त बिल्डिंग दुरुस्त करत सुटले. लिफ्टचं दार थरथरतं तर काकींना आत पाऊल टाकायची भीती वाटे. जिन्याचा दिवा, कठड्याचा हलता गज, गेटसमोरची उखडलेली फरशी, सगळं त्यांच्या गुडघ्यांच्या वाटेवरचं. लिफ्टमध्ये काकांनी छोटा पंखा बसवला, कारण आत काकींचा जीव घाबरायचा. आम्ही फुकटात सुखी झालो आणि काकांना विक्षिप्त म्हणत राहिलो. शेवटी त्यांनी घरोघर फिरून सगळ्यांची परवानगी काढली, प्रत्येकाकडून ती परत म्हणवून घेतली आणि गच्चीवर बांबूची वलांडी उभी केली, बोंबील वाळत घालायला. ग्रुपवर तक्रार करणाऱ्यानेही हो म्हटलं. त्याचा गिझर काकांनीच नीट केला होता.

काकी वर जाऊन वलांडी बघून आल्या. “चांगली हाय,” म्हणाल्या. पेटीचा दोर तसाच राहिला.

पाऊस सरला. एका रविवारी सकाळी मी दूध घेऊन लिफ्टने वर आले, चहा टाकला, आणि थोड्या वेळाने बाहेर बोलणं ऐकू आलं म्हणून दार उघडलं. काकींचा भाऊ धापा टाकत जिन्याने वर आला होता. खाली त्याचा टेंपो उभा. काकी नेसून तयार. आणि लिफ्टच्या दारावर लाल टॅग.

“भावजी, काय झालं लिफ्टला?”

“काम चालू हाय,” काका म्हणाले.

“किती वेल लागंल?”

बिल्डिंगमधल्या प्रत्येक स्क्रूचा हिशोब देणारा माणूस खाली बघत उभा होता. माझं लक्ष त्यांच्या कमरेकडे गेलं. कातडी पिशवी नव्हती. पाना नाही, पकड नाही. दोन्ही हात रिकामे, आणि ते हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. मी घटकेपूर्वी याच लिफ्टने वर आले होते.

“पेटी जिन्यानं नेतो मी,” भाऊ म्हणाला.

“पेटी जाईल,” काका म्हणाले. “हिचे गुडघे नाय जायचे.”

भावाने लिफ्टच्या काचेतून आत पाहिलं. “अवो लाईट चालू हाय. पंखा फिरतोय!” आणि त्याने टॅगला हात घातला.

“भाल्या! हात काढ.”

काकी दारात उभ्या होत्या. एवढा चढा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

“अगो बाय, चालू हाय लिफ्ट...”

“टॅग दिसतो ना? ज्यानं लावला त्यानंच काढायचा. टॅग हाय म्हंजे आत माणूस हाय.”

लिफ्टमध्ये कुणी नव्हतं. पंखा तेवढा फिरत होता. काका अजून खालीच बघत होते. काकींनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, मग भावाला म्हणाल्या, “आलायस तर बस. चा पी नि जा.”

त्या आत वळल्या आणि पेटीपाशी थबकल्या. गुडघ्यावर हात देत खाली बसल्या आणि दोराची गाठ सोडायला लागल्या.

“हे काय करतेस?” भाऊ म्हणाला.

“चांगले कप पेटीत हायत.”

होडीची गाठ ती, सुटता सुटेना. काका पुढे झाले, पण त्यांनी हात लावला नाही. शेजारी उकिडवे बसून राहिले. गाठ काकींनी बांधलेली होती, ती काकींनीच सोडली.

कपांसोबत काथवट निघाली, डबे निघाले, तांब्याचं पातेलं निघालं. चहा मलाही मिळाला. भाऊ दोन कप प्यायला, बहिणीकडे बघून त्याने मान हलवली आणि रिकामा टेंपो घेऊन गेला. “बोंबील पाठवून देतो,” एवढं बोलला.

मी माझ्या दारात आले तेव्हा मागे काका-काकी लिफ्टसमोर उभे होते.

“अगो,” काका म्हणाले, “टॅग खोटा लावला मी. पयल्यांदा.”

“ठाव हाय मला.”

“काढू?”

काकींनी काचेतून आत फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं.

“ऱ्हाऊ द्या आजच्या दिवस,” त्या म्हणाल्या.

मला रडू आलं आणि मी दार लावून घेतलं. संध्याकाळी मी गव्हाचं दळण घेऊन परत आले तेव्हा खाली लिफ्टच्या दारावरही तसाच टॅग होता, आणि चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ तिथं घाम पुसत चिडचिड करत होते, बटणाचा लाईट तर चालू दिसतोय, काढून टाकू का हा पुठ्ठा? मी त्यांना म्हटलं, “हात लावू नका. आत माणूस आहे.” मग दळणाचा डबा खांद्यावर घेतला आणि जिना चढायला लागले.